माणूस गेल्यावरची कागदपत्रं: सीमाभागातल्या घरांसाठी

आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं, बाराव्या-तेराव्याला कार्य होतं, आणि पुण्या-मुंबईहून आलेली लेकरं चौदाव्या दिवशी परतीच्या गाडीत बसतात. सरकारी हिशेब मात्र २१ दिवसांचा असतो. मृत्यूची नोंद त्या २१ दिवसांत करायची असते. म्हणजे सगळे नातेवाईक निघून गेल्यावर घरात उरलेल्या एकट्या माणसाच्या, बऱ्याचदा आईच्या, डोक्यावर ते काम येतं. तिला कन्नड वाचता येत नसेल तर तिची काय अवस्था होते, ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. म्हणून हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या त्या घरांसाठी आहे, ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. सगळी धावपळ एकाच माणसाने करायची आणि सगळे कागद एकाच फायलीत ठेवायचे. मुलगा, जावई, पुतण्या, लेक, कोणीही चालेल. दोघातिघांनी वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळी माहिती दिली की ती पुढे निस्तरता येत नाही.

पहिलं काम: नाव

माझे वडील सीमेपलीकडच्या एका शहरातल्या दवाखान्यात वारले. रात्री अडीचची वेळ, काउंटरवर फॉर्म भरायला आमचा एक भाऊ उभा राहिला. त्याने वडिलांना सगळे ज्या नावाने हाक मारायचे ते नाव लिहिलं. गावच्या उताऱ्यावर वेगळं, आधारवर वेगळं आणि आता दाखल्यावर तिसरंच. ती दुरुस्ती गावात होत नाही, जिथे नोंद झाली तिथेच करावी लागते. तीन खेपा झाल्या, आणि तोवर बाकीचं प्रत्येक काम अडून राहिलं.

सीमाभागात ही अडचण जास्त का येते ते समजून घ्या. आपलं नाव मराठीत, सातबाराच्या जागी आलेल्या आर.टी.सी. उताऱ्यावर ते कन्नडमध्ये, बँकेत इंग्रजीत. मराठी माणूस 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत लिहिताना 'डी'ने सुरुवात करतो. कन्नडवरून इंग्रजीत उतरवणारा 'जे'ने किंवा 'जी'ने. माणूस एकच, पण संगणकाला तिघे दिसतात. त्यात जुन्या नोंदींत बायकांच्या नावापुढे 'व्वा' आणि पुरुषांच्या नावापुढे 'प्पा' लागलेलं असतं: घरात लक्ष्मीबाई, उताऱ्यावर लक्ष्मव्वा, घरात मारुती, उताऱ्यावर मारुतेप्पा. लग्नात नाव बदललेल्या आयांचं तर माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि सासरचं आधारवर. आडनावाच्या जागी कुठे गावावरून पडलेलं '-कर' आणि कुठे नुसतं 'पाटील'.

त्यामुळे दवाखान्यात किंवा नोंदणीच्या ठिकाणी माहिती देताना तोंडी सांगू नका. मयत व्यक्तीचं आधार कार्ड समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर त्यावरून लिहा. घरात शेती असेल तर उताऱ्याची प्रतही जवळ ठेवा. उताऱ्यावरचं नाव वेगळं असेल तर दाखल्यात 'ऊर्फ' लावून दोन्ही नावं घेता येतील का, ते तिथेच विचारा. नोंद पक्की होण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा कन्नड वाचता येणारं कोणीतरी सोबत असू द्या. आपल्या गल्लीतली कन्नड शाळेत जाणारी आठवी-नववीची मुलगीसुद्धा हे काम चोख करते.

फॉर्मवरचे काही शब्द ओळखीचे झाले की भीती जाते. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, तायी म्हणजे आई, गंड म्हणजे नवरा, हेंडती म्हणजे बायको, विळास म्हणजे पत्ता. मरण, दिनांक, स्थळ, अर्जी आणि सही हे शब्द तर आपलेच आहेत. जुन्या उताऱ्यांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. हे आपल्या जुन्या मराठी दस्तांतही सापडतात.

नोंद कुठे होते

लोक इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात. नोंद राहत्या गावात होत नाही. मृत्यू जिथे झाला तिथे होते. निपाणीचा माणूस कोल्हापुरात किंवा मिरजेत दवाखान्यात गेला तर नोंद महाराष्ट्रात आणि दाखला मराठी-इंग्रजीत. खानापूरचा माणूस गोव्यात बांबोळीला गेला तर दाखला गोव्याचा. उलट चंदगडचा माणूस बेळगावच्या दवाखान्यात गेला तर त्याच्या घरच्यांच्या हाती कन्नड-इंग्रजी दाखला येतो आणि तो चंदगडच्या तलाठ्यापुढे ठेवावा लागतो. यातला कुठलाही दाखला दुसऱ्या राज्यात चालतो. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सगळ्या देशाला एकच आहे. "परराज्यातला दाखला आहे, चालणार नाही," असं कोणी म्हटलं तर शांतपणे हे सांगा. दाखल्यावर इंग्रजी मजकूर असतोच, त्यामुळे भाषांतराची गरज सहसा पडत नाही.

दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदणीकडे माहिती पाठवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. तुमची जबाबदारी आहे ती माहिती बरोबर आहे ना, हे बघण्याची. मृत्यूचं कारण लिहिलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाईकाला मोफत मिळते. २०२३ च्या दुरुस्तीने हे कायद्यातच घातलं आहे. ती मागून घ्या, विम्याला लागते.

घरी मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून कारणाचं प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या; महिन्याने मागितलं तर डॉक्टरही लिहायला कचरतात. बेळगाव शहरात नोंद महानगरपालिकेकडे होते. सदाशिवनगर असो की शहापूर, स्मशानात नाव नोंदवलं की तिथली पावती जपून ठेवा, पालिकेत पहिल्यांदा तीच मागतात. गावात आधी ग्रामपंचायतीत चौकशी करा. जुन्या नोंदी आणि उशिराची प्रकरणं तलाठ्याकडे जातात. तलाठी हा आपला शब्द. सरकारी कन्नडात आता त्यांना ग्राम आडळित अधिकारी म्हणतात. कर्नाटकातल्या नोंदी ई-जन्म नावाच्या संगणक प्रणालीत चढतात. दाखल्यावर डिजिटल सही आणि क्यूआर कोड असतो, त्यामुळे त्याची छापलेली प्रत्येक प्रत मूळच असते. किमान दहा प्रती काढून ठेवा.

रुग्णवाहिकेत वाटेतच जीव गेला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबते, तिथे नोंद होते. बेळगावहून कोल्हापूरला नेताना असं झालं तर नोंद कुठल्या राज्यात करायची, याचा निर्णय त्यावरून होतो.

२१ दिवस उलटले तर

घाबरू नका, पण खर्च आणि खेपा वाढतात. २१ ते ३० दिवसांत उशिराचं शुल्क भरून नोंद होते. ३० दिवस ते एक वर्ष या काळात जिल्हा निबंधकांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावं लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी म्हणजे आपले प्रांत, किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला आहे. हा आदेश मागण्याआधी 'नोंद आढळली नाही' असा दाखला घ्यावा लागतो.

हे सविस्तर सांगण्याचं कारण आहे. आपल्या गावांत कित्येक उतारे अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. आजोबा चाळीस वर्षांपूर्वी गेले, नोंद कोणीच केली नाही, आणि आता नातवाला पीककर्ज मिळत नाही. अशा घरात वडील गेले तर आधी आजोबांची नोंद आणि मग वडिलांची, अशी दोन कामं होतात. महसूल खातं अधूनमधून गावोगावी पौतीची, म्हणजे मयताच्या जागी वारसांची नावं लावण्याची, मोहीम काढतं. तलाठी गावात आल्याचं कळलं तर हातातलं काम टाकून जा.

कार्याच्या दिवशी करायचं काम

तेराव्याला सगळे वारस एका छपराखाली असतात. पुन्हा असे कधी जमतील सांगता येत नाही. त्या दिवशी, जेवणं झाल्यावर, प्रत्येक वारसाच्या आधार कार्डाची प्रत, दोन-दोन फोटो आणि फोन नंबर घेऊन ठेवा. मुलींचे आणि लग्न होऊन गेलेल्या आत्यांचेही. काही घरांत असं विचारणं अशुभ वाटतं, किंवा लोक म्हणतील की राख निवली नाही तोवर जमिनीचं काढलं. म्हणून घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून ते बोलवून घ्या: "कागद पुढं लागणार, आत्ताच देऊन ठेवा." माझ्या थोरल्या काकांनी हे केलं, म्हणून पुण्याच्या बहिणीला दोनदा रजा काढून यावं लागलं नाही.

वंशावळ आणि वारस

मृत्यूच्या दाखल्यानंतरचा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे वंशावळ. कन्नडमध्ये तिला वंशवृक्ष म्हणतात. अर्ज होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या आपल्या गावगटाच्या, नाडकचेरीत (महसूल कचेरीत) करायचा, तिलाच अटलजी जनस्नेही केंद्र असंही नाव आहे. शहरात बेळगाव वन आणि गावात ग्राम वन केंद्रातूनही अशा सेवांचे अर्ज भरता येतात. सोबत मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचे आधार, रेशनकार्ड आणि प्रतिज्ञापत्र. तलाठी गावात चौकशी करतात, पंचांचे जबाब घेतात, मग दाखला मिळतो. 'हयात कुटुंब सदस्यांचा दाखला' हा वेगळा कागद आहे. काही ठिकाणी तो मागतात, काही ठिकाणी वंशावळ. अर्ज करतानाच दोन्ही करून घ्या.

वंशावळीत एकही नाव वगळू नका. इथे मी जरा थांबतो, कारण आपल्या भागातले निम्मे भाऊबंदकीचे दावे इथूनच सुरू होतात, असं मला गेल्या कित्येक वर्षांत दिसलं आहे. "बहिणीला काय हवंय, तिचं सासर चांगलं आहे," असं म्हणत मुलींची नावं गाळली जातात. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. त्यात कोणी वरचा, कोणी खालचा नाही. वडिलोपार्जित जमिनीतही ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. मयत मुलाची विधवा आणि मुलंही वंशावळीत आली पाहिजेत. नाव गाळून काढलेली वंशावळ म्हणजे खोटं प्रतिज्ञापत्र. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लावा. मग ती स्वतःच्या इच्छेने उपनिबंधक कचेरीत नोंदणीकृत हक्कसोड पत्र करून देऊ शकते. साध्या कागदावर घेतलेली तिची सही कामाची नाही. आईलाही हिस्सा असतो, हे तर बरेच लोक विसरूनच जातात.

मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या वकिलांना विचारून वंशावळ करावी.

नोंदी वेगवेगळ्या नावांनी असतील तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून घ्या आणि त्यात आधार, उतारा, रेशनकार्ड, बँक पासबुक, सगळीकडची नावं जशीच्या तशी लिहा. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्याआधीच्या दस्तांवर बेळगाव आणि नंतरच्यांवर बेळगावी असेल. तेवढ्यासाठी कोणी अडवत नाही, पण गावाच्या नावाचे दोन उच्चार असतील तर तेही त्यात घाला.

शेती, घर आणि पलीकडची जमीन

वारसाची नोंद लावणं म्हणजे कर्नाटकात पौती खातं करणं. कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज, मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि ताजा उतारा नाडकचेरीत द्यायचा. नोटीस निघते, हरकतींची मुदत संपते, मग भूमी या जमिनीच्या नोंदींच्या संगणक प्रणालीत फेरफार होतो. नोटीस कन्नडमध्ये चावडीवर लागते. तिचा फोटो काढून ठेवा आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. सर्व्हे नंबर चुकला असेल तर त्याच वेळी सांगता येतं.

नवा उतारा हातात आल्यावर दोन रकाने बघा. नऊमध्ये मालकांची नावं असतात, तिथे सगळे वारस आले का? अकरामध्ये बोजा असतो: पी.के.पी.एस. (गावची शेती पतपुरवठा सोसायटी) किंवा बँकेचं कर्ज. वडिलांनी फेडलेलं जुनं कर्जही कधीकधी तसंच राहिलेलं असतं. ते फेडल्याचा दाखला आणून कमी करून घ्या. पौती खातं म्हणजे वाटणी नव्हे. सगळ्यांची नावं एकत्र लागतात. पुढे वाटणी करून वेगळे उतारे हवे असतील तर मोजणीचा अकरा-ई नकाशा लागतो आणि वाटणीपत्र नोंदवावं लागतं. दुःखाच्या वर्षात वाटणीची घाई करू नका, आधी नावं लागू द्या.

शहरातल्या घराला दोन ठिकाणी जावं लागतं: सिटी सर्व्हे कचेरीत सी.टी.एस. उताऱ्यावर नाव लावायला, आणि महानगरपालिकेत खात्यावर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत. पालिकेत नाव लागलं म्हणून लोक निश्चिंत होतात आणि घर विकताना कळतं की सी.टी.एस.ला अजून आजोबाच आहेत. गावठाणातल्या घरासाठी पंचायतीचे नमुना ९ आणि नमुना ११ बघा.

बऱ्याच घरांची थोडी जमीन शिनोळी, चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडे आहे. १९५६ मध्ये सीमा आखली गेली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तिकडे राहिलं. शेतं मात्र होती तिथेच राहिली. बेळगावला पौती खातं झालं म्हणून पलीकडचा सातबारा बदलत नाही. तिकडे वारस नोंदीचा वेगळा अर्ज, तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर. कर्नाटकातली वंशावळ कन्नडमध्ये असेल तर तिचं मराठी भाषांतर जोडा. उलट, घरात मोडीत किंवा जुन्या मराठीत लिहिलेले दस्त असतील आणि ते इकडच्या कचेरीत दाखवायचे असतील तर कन्नड भाषांतर करून घ्यावं लागतं. मूळ दस्त कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवा.

भाषेबद्दल एवढंच सांगतो. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने कुठल्याही अधिकाऱ्याकडे आपली तक्रार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. मराठीतला अर्ज हा आपला हक्क आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पण माणूस गेलेल्या घरात आईची पेन्शन अडकलेली असताना अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत दिला तर काम लवकर होतं, हेही खरं आहे. मी दोन्ही करतो: अर्ज कन्नडमध्ये, आणि काही अडलं तर तक्रार मराठीत. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

बँक, पतसंस्था, विमा

एटीएम कार्ड आणि पिन माहीत असला तरी मृत्यूनंतर त्या खात्यातून पैसे काढू नका. दवाखान्याचं बिल भरायचं असलं तरी नाही. पुढे एखाद्या वारसाने विचारलं तर ती चोरी ठरू शकते. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शनही परत करावी लागते.

नामनिर्देशन असेल तर काम सोपं: दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र. मात्र नॉमिनी हा मालक नसतो. तो पैसे घेऊन वारसांना देणारा विश्वस्त असतो. नॉमिनी नसेल तर वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि ना-हरकत लागते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये यासाठी नवे नियम काढले. व्यापारी बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंत न्यायालयाचा वारसा दाखला न मागता दावा मिटवायचा, आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत. त्याहून मोठी रक्कम असेल किंवा वारसांत वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जावं लागू शकतं.

आपल्या भागात पैसा बँकेपेक्षा पतसंस्थांत आणि सौहार्द सहकारी संस्थांत जास्त असतो. त्यांना रिझर्व्ह बँकेचे हे नियम लागू नाहीत, त्यांचे स्वतःचे पोटनियम असतात. म्हणून कपाटातली प्रत्येक ठेवपावती, पिग्मीचं पुस्तक आणि भागदाखला शोधा. साखर कारखान्याचा शेअर असेल तर तोही. ऊस वडिलांच्या नावावर नोंदलेला असेल तर बिल त्यांच्याच खात्यात जाऊन अडकतं. हंगामाआधी कारखान्याच्या शेती खात्यात नाव बदलून घ्या. कुठल्या बँकेत खातं होतं हेच माहीत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम संकेतस्थळावर दावा न केलेल्या ठेवी शोधता येतात.

पासबुकात मागे जा आणि मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापले गेलेत का बघा. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा: अपघाती मृत्यूला २ लाख. खातं उघडताना कोणीतरी सही घेतलेली असते आणि घरच्यांना पत्ताच नसतो. शक्यतो ३० दिवसांत त्याच बँकेत दावा द्या. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांपेक्षा कमी जुनी असेल तर चौकशी जास्त होते, म्हणून दवाखान्याचे कागद टाकू नका.

अपघात, सर्पदंश, विजेचा धक्का, पाण्यात बुडणं, आत्महत्या, यात पोलिसांना कळवल्याशिवाय अंत्यविधी करू नका. गावातली वडीलधारी मंडळी "कशाला चिरफाड" म्हणतात, आणि त्यांची माया मी समजू शकतो. पण पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अपघात विमाही नाही आणि सरकारी मदतही नाही. शेतकऱ्याचा सर्पदंशाने मृत्यू झाला असेल तर कृषी खात्यात मदतीची चौकशी नक्की करा.

पेन्शन आणि सरकारी मदत

निपाणीच्या विडी कामगार बायकांच्या घरी हे वाचून दाखवा. विडी कामगारांना पी.एफ. लागू आहे. आई गेली तर पी.एफ.ची रक्कम मिळतेच, शिवाय कर्मचारी पेन्शन योजनेत नवऱ्यालाही पेन्शन मिळू शकते. "पेन्शन विधवेला असते, विधुराला कुठली," असं म्हणून लोक अर्जच करत नाहीत. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पी.एफ.शी जोडलेल्या विम्याचे जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. यू.ए.एन. नंबर, म्हणजे पी.एफ.चा कायमचा नंबर, शोधा, कारखान्याची चिठ्ठी किंवा जुना एसएमएस पुरतो.

माजी सैनिकांच्या घरांत, आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळे आपल्याकडे ती कमी नाहीत, कुटुंब पेन्शनसाठी पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनचा आदेश, काढा आणि त्यावर पत्नीचं नाव आहे का बघा. रेकॉर्ड ऑफिसला आणि स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर मृत्यूची माहिती द्यायची असते. पत्नीच्या नावात फरक असेल तर आधी तो दुरुस्त करावा लागतो. सैनिक कल्याण कचेरी यात मदत करते.

दारिद्र्यरेषेखालच्या घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब साहाय्य योजनेतून २० हजार रुपये मिळतात. अर्ज नाडकचेरीत. विधवा वेतनाचा अर्जही तिथेच द्या. रेशनकार्डावरून नाव कमी करा. कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव असेल आणि ती गेली असेल तर कुटुंबप्रमुख स्त्रीला मिळणारे कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे २ हजार बंद होतात. नवी प्रमुख स्त्री ठरवून आधी रेशनकार्ड बदला. पी.एम. किसानचा मृत्यूनंतर आलेला हप्ता खर्च करू नका. वारसाच्या नावावर जमीन आली की त्याला नव्याने नोंदणी करता येते.

राहिलेलं

विजेचं मीटर हेस्कॉम या वीज कंपनीत आर.आर. नंबर (बिलावरचा जोडणी क्रमांक) देऊन नावावर करून घ्या. गॅस एजन्सीत तसंच. मतदार यादीसाठी नमुना ७. पॅन कार्ड लगेच परत करू नका, शेवटचं आयकर विवरण भरून झाल्यावर करा. गाडीचा मालक गेला तर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव बदलायचं. केए-२२ असेल तर बेळगावात, केए-२३ असेल तर चिकोडीत, आणि एमएच-०९ असेल तर कोल्हापुरात. तोवर विम्याची मुदत संपू देऊ नका.

आणि मोबाइल. मयत व्यक्तीचं सिम कार्ड बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा. बँकेचे, पी.एफ.चे, आधारचे संदेश त्याच नंबरवर येतात, आणि कित्येकदा कुठे खातं होतं, कुठला विमा होता, हे त्या संदेशांतूनच कळतं. वडिलांचा फोन आम्ही चौदा महिने चालू ठेवला. एका सोसायटीच्या ठेवीची मुदत संपल्याचा संदेश त्यावर अकराव्या महिन्यात आला. त्या ठेवीचं आईलाही माहीत नव्हतं.